पाव सेकंदाची शिट्टी

आमच्या हिची आणि माझी पहिली भेट माझ्या चष्म्याच्या दुकानात झाली. चष्म्याची काडी तुटली म्हणून ती आली होती. मी काडी बसवत होतो तेवढ्या वेळात तिने छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमची ट्यूबलाइट गुणगुणतेय. चोक बदला." दुकान उघडून सहा वर्षं झाली होती आणि त्या ट्यूबचा आवाज मला एकदाही आला नव्हता. मी चोक बदलला. चार दिवसांनी ती स्क्रू घट्ट करून घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "आता बरं वाटतंय. पण तो कोपऱ्यातला पंखा?" असं करत करत दुकानातल्या सगळ्या वस्तू दुरुस्त झाल्या आणि आमचं लग्न ठरलं.

ही इथल्या रेडिओ स्टेशनवर तंत्रज्ञ आहे. स्टेशन म्हणजे एका दुमजली इमारतीचा वरचा मजला. दोन स्टुडिओ, मधे काच, काचेमागे कंट्रोल रूम, आणि जिन्यात कुणीतरी कधीतरी नेईल म्हणून ठेवलेल्या मोडक्या खुर्च्या. तिथे साहेबांपासून झाडू मारणाऱ्या मावशींपर्यंत सगळे तिला टोनताई म्हणतात. मी म्हटलं की मात्र ती रागावते, म्हणून मी महिन्यातून एकदाच म्हणतो.

हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. स्टेशन रेडिओवर लागतं तसं इंटरनेटवरही लागतं. रेडिओवरच्या जाहिराती जवळपासच्या दुकानांच्या. पण इंटरनेटवर ऐकणारे लोक सातासमुद्रापार बसलेले, त्यांना आमच्या चौकातल्या कपाटवाल्याचं काय कौतुक? म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या जाहिराती. आता जाहिरातीची वेळ झाली हे इंटरनेट सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला कळणार कसं? तर निवेदक समोरचं एक बटण दाबून धरतो आणि एक बारीक शिट्टी वाजते, ठरलेल्या उंचीची, एक सेकंदभर. ऐकणाऱ्याला वाटतं, कुठेतरी काहीतरी चिवचिवलं. कॉम्प्युटर मात्र दिवसभर त्या शिट्टीसाठीच कान टवकारून बसलेला असतो. ती आली की तो इंटरनेटवरचा कार्यक्रम बाजूला सारतो, दोन मिनिटं आपल्या जाहिराती वाजवतो आणि मग पुन्हा कार्यक्रम जोडून देतो. या शिट्टीला ते लोक टोन म्हणतात.

कॉम्प्युटर यायच्या आधी त्याच्या जागी ही बसायची. नऊ वर्षं हेडफोन लावून शिट्टी ऐकायची आणि हाताने खटका दाबायची. नऊ वर्षांत एक शिट्टी चुकली, तेव्हा तिच्या अंगात एकशे तीन ताप होता. त्या चुकीबद्दल ती अजून हळहळते. मग कॉम्प्युटर आला आणि त्याला शिकवलंही हिनेच. केवढ्या उंचीची शिट्टी, किती जोरात, किती वेळ वाजली तर खरी मानायची, सगळं. एखाद्या भोळ्या माणसाला पहिल्यांदा बाजारात पाठवताना सांगावं तसं तिने त्याला सांगून ठेवलं होतं, आणि तो बिचारा ऐकायचाही.

बोलणं हा हिचा प्रांत नाही. फोन वाजला की ती माझ्याकडे बघते. घरी पाहुणे आले की फ्रिजमागे काहीतरी दुरुस्त करायला जाते. माझी बायको माणूसघाणी नाही, पण माणसांपुढे तिचे शब्द अडतात आणि तारांपुढे अडत नाहीत, एवढाच फरक.

माझे वडील बरोबर उलटे. त्याच स्टेशनवर ते छत्तीस वर्षं निवेदक. निवृत्त झाल्यावरही साडेआठ ते साडेनऊचा त्यांचा श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम कुणी काढून घेतला नाही, घ्यायची कुणाची छातीच झाली नाही. आवाजाचा अभिमान एवढा, की थंड पाणी त्यांच्यासमोर दुसऱ्याने प्यायलेलंही त्यांना खपत नाही. मी रोज सकाळी त्यांना स्कूटरवरून स्टेशनवर नेतो, कंट्रोल रूममधल्या स्टुलावर तासभर बसतो, त्यांना घरी सोडतो आणि मग दुकान उघडतो. त्यामुळे पुढे सांगतो ते ऐकीव नाही.

माझी बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, घरातलं शेंडेफळ. आवाज हुबेहूब बाबांचा. आपल्यानंतर माइकसमोर हीच बसणार असं बाबांनी मनात पक्कं केलं होतं, फक्त तिला विचारायचं राहून गेलं. ती दुसरंच काहीतरी शिकली आणि परदेशात नोकरी घेऊन मोकळी झाली. निघायच्या दिवशी बाबा दारात उभे राहून म्हणाले, "जायचं तर जा. पण मग माझ्याशी बोलू नकोस." तीही त्यांचीच मुलगी. सहा वर्षं बोलली नाही. मी मधल्या मधे निरोप्या. ती मला विचारणार, "खोकला कमी आहे का?" आणि हे भिंतीकडे बघत म्हणणार, "तिकडे थंडी असेल." दोघांच्या डोक्यात नारळ फोडावा असं मला कितीदा वाटलंय.

इंटरनेटवर कोण ऐकतंय हे कंट्रोल रूममधल्या एका पडद्यावर दिसतं. जगाचा नकाशा, आणि ऐकणारा असेल तिथे एक हिरवा ठिपका. सकाळी मोजून तीस-चाळीस ठिपके. त्यातला एक, माझी बहीण राहते त्या शहरावरचा, रोज साडेआठला दोन मिनिटं कमी असताना उगवायचा आणि साडेनऊला मावळायचा. त्या शहरात तेव्हा पहाटेचे चार वाजलेले असतात. पहाटे चारला उठून आमच्याकडची पत्रं ऐकणारं दुसरं कोण असणार? हिने ते चार महिने पोटात ठेवलं. मग एकदा जेवताना, ताटाकडे बघत, म्हणाली, "बाबा, एक ठिपका रोज असतो." आणि कुठला ते सांगितलं.

बाबा पाणी प्यायले, "असेल कुणी," म्हणाले आणि उठले. दुसऱ्या दिवसापासून रेडिओवर बोलायला जाताना इस्त्रीचा सदरा घालायला लागले.

आणि पत्रांच्या मधे मधे गोष्टी सांगायला लागले. "आमच्या माहितीतल्या एका घरात एक शेंडेफळ होतं," अशी सुरुवात. मग ते शेंडेफळ रेडिओतल्या माणसाला भूक लागेल म्हणून रेडिओच्या जाळीतून बिस्किटाचा चुरा कसं कोंबायचं, वडिलांचा चष्मा लपवून 'मला शोधा' असं चष्म्याच्याच आवाजात कसं ओरडायचं, शाळेत पहिल्या दिवशी बाईंना घरी चला म्हणून कसं ओढत होतं. नाव नाही, गाव नाही. मी एकदा स्कूटरवर मागे वळून विचारलं, "बाबा, बोलायचं नाही असं ठरलं होतं ना?" ते म्हणाले, "बोलायचं नाही असं ठरलं होतं. गोष्ट सांगायची नाही असं कुठे ठरलं होतं? पुढे बघून चालव."

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध असेल असं देवालाही वाटलं नसतं.

पहिली गोष्ट, बाबांनी कवळी बसवली. कवळी झकास होती, पण 'स' आणि 'श' निघाले की दातांमधून बारीकशी शिट्टी यायची. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कसा येतोय आवाज?" मी म्हणालो, "खणखणीत." हिच्याकडे पाहिलं तर ही फ्रिजमागे गेली होती. आठवडाभरात आमच्या कानांना सवय झाली आणि विषय संपला.

दुसरी गोष्ट, संध्याकाळी कार्यक्रम करणारी एक नवी पोरगी आली होती. गोड, पण सगळ्यात घाई. टोनचं बटण सेकंदभर दाबून धरायला तिला वेळ नसायचा, टिचकी मारल्यासारखं दाबायची. अर्धवट शिट्टी कॉम्प्युटर खरी मानायचा नाही आणि इंटरनेटवरच्या जाहिराती बुडायच्या. साहेब हिच्यावर खेकसले. पोरीला सांगायचं म्हणजे बोलायला लागणार. त्यापेक्षा हिने कॉम्प्युटरलाच सांगितलं, की सेकंदभर थांबू नकोस, पाव सेकंद शिट्टी ऐकलीस तरी पुरे. एका मिनिटाचं काम. त्यानंतर जाहिराती बुडाल्या नाहीत, साहेब खूश, आणि हीसुद्धा ते विसरून गेली.

पंधरा-एक दिवसांनी तो ठिपका मधेच मावळायला लागला. आधी नऊला, मग पावणेनऊला. एकदा उगवल्या उगवल्या गेला. मग सलग चार दिवस आलाच नाही.

कार्यक्रम संपला की बाबा काचेपलीकडून भुवया उंचावून विचारायचे, "आहे का?" मी खुशाल खोटं बोललो असतो. हिला ते जमत नाही. ही मान हलवायची, नाही म्हणून. पाचव्या दिवशी बाबांनी विचारणं सोडलं. गोष्टीही सोडल्या. नुसती पत्रं वाचायचे, तीही शाळेत धडा वाचल्यासारखी. घरी आले की खिडकीत बसायचे. एकदा म्हणाले, "कंटाळली असेल. म्हाताऱ्याचं तेच तेच किती ऐकायचं."

मला बघवेना. मी बहिणीला फोन लावला. "काय गं, हल्ली ऐकत नाहीस?"

"काय ऐकू?" ती म्हणाली. "माझा विषय निघाला की पेंटची जाहिरात. परत बाबांवर यावं तर गोष्ट संपलेली. एकदा झालं, दोनदा झालं, मी समजू शकते. अकरा वेळा, दादा! बरोबर माझ्यावर आले की कट. मशीनवर कोण बसतं ते मला माहीत आहे."

मला समजायला वेळ लागला. मग टाळकंच सटकलं. "तुझ्या वहिनीने मुद्दाम केलं म्हणतेस? तिला मुंगीवर पाय पडला तरी दोन दिवस जेवण जात नाही!" असं आणि आणखी बरंच काही मी ओरडलो, ज्याची आता लाज वाटते. तिने फोन ठेवला. मागे वळलो तर ही दारात उभी.

"अकरा वेळा म्हणाली?" हिने विचारलं. बाकीचं जणू तिला ऐकूच गेलं नव्हतं.

मुद्दा असा, की स्टेशनवरचा एकही माणूस आपल्या स्टेशनचं इंटरनेट ऐकत नाही. हाताशी रेडिओ असताना कोण ऐकेल? रेडिओवर बाबा अखंड चालू होते. गावात कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं. कॉम्प्युटरने कधी जाहिराती लावल्या याची नोंद मात्र तो स्वतःच ठेवतो. दुसऱ्या दिवशी हिने ती काढली. बाबांच्या तासात चार वेळा जाहिराती हव्यात. काही दिवशी पाच होत्या, एका दिवशी सात. ठिपका असतानाच्या तेवढ्याच मोजल्या तर जास्तीच्या अकरा. हिने दोन दिवस तारा तपासल्या, माइक बदलला, बटण उघडून पाहिलं. काही सापडेना. मग स्टेशनच्या रेकॉर्डरमधून त्या अकरा वेळांचे तुकडे काढून घरी आणले आणि रात्रीची भांडी तशीच ठेवून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला.

पहिला तुकडा लावला. बाबा म्हणाले, "तर ते शेंडेफळ..." दुसरा लावला. "शेंडेफळ काय म्हणालं..." तिसरा. "आता शेंडेफळच ते..." अकराच्या अकरा.

"अहो, ऐकलंत?" ही म्हणाली.

"शेंडेफळ म्हणतायत. ते मला माहीत आहे."

"शिट्टी ऐका." तिने आवाज संथ केला आणि पुन्हा लावला. आता मलाही ऐकू आली. बाबांच्या 'श'मधून निघालेली, बारीक, सरळ, अगदी टोनच्या उंचीची. "बाकीचे 'स' आणि 'श' छोटे आहेत," ती म्हणाली, "कॉम्प्युटर त्यांना धरत नाही. पण शेंडेफळ म्हणताना बाबा 'श'वर थांबतात. पाव सेकंदाहून जरासं जास्त."

ते का थांबतात हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग तिला ती घाईची पोरगी आठवली. तिने लॅपटॉप बंद केला. "मीच केलंय हे," म्हणाली. "सेकंद होता, मी पाव केला. दोन वाक्यं बोलायचा कंटाळा केला." आणि ही बाई, लग्नात निरोप घेतानाही न रडलेली, टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. चष्म्याचा नंबर सोडून मला कशातलं काही कळत नाही, हे तेव्हा फार जाणवलं.

सकाळी जाऊन तिने पावचा पुन्हा एक केला, आणि त्या पोरीला बाजूला घेऊन बटण कसं धरायचं ते सांगितलं. पोरगी "सॉरी हं ताई" म्हणाली, आणि तेव्हापासून नीट धरते. एवढंच होतं ते.

संध्याकाळी ही बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, चूक झाली माझी. कॉम्प्युटरला तुमच्या आवाजात शिट्टी ऐकू आली. इंटरनेटवर गोष्टी गेल्याच नाहीत. जाहिराती गेल्या." दातांचं तिच्या तोंडून निघेना. बाबांनी एवढंच विचारलं,

"म्हणजे तिला एकही गोष्ट पोचली नाही?"

"सुरुवातीच्या पोचल्या. नंतरच्या अकरा नाही."

"पुन्हा सांगा ना," मी मधे तोंड घातलं. "आता मशीन दुरुस्त झालंय."

"तेच पुन्हा सांगता येत नाही रे," बाबा म्हणाले. "आणि माझ्या आवाजात शिट्टी? छत्तीस वर्षांत कुणी असं म्हटलं नाही." ते हिच्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगून टाकलं, की महिनाअखेरीला कार्यक्रम बंद, आता पुरे झालं. महिना संपायला नऊ दिवस होते.

त्या कार्यक्रमाशिवाय बाबा म्हणजे काय उरणार होतं, हे घरात आम्हा दोघांनाही माहीत होतं. आई गेल्यापासून त्यांचा दिवस त्या तासाभोवतीच उभा होता. मी चरफडत होतो, बहिणीवर, बाबांवर, कवळी करणाऱ्या डॉक्टरवर. ही मात्र कामाला लागली. सलग तीन संध्याकाळी ती लॅपटॉपपुढे होती. अकरा वेळा जाहिरातींनी गिळलेली दोन-दोन मिनिटं तिने रेकॉर्डरमधून पुरती काढली, मागची चार वाक्यं आणि पुढची चार वाक्यं जोडून घेतली, म्हणजे गोष्ट तुटक वाटू नये. खोकले काढू का, असं मी विचारलं तर म्हणाली, "खोकल्याचं ती विचारते ना? राहू देत." सगळं मिळून अर्धा तास झाला. ते तिने नणंदेला पाठवलं, सोबत कॉम्प्युटरच्या नोंदीचं पान आणि खाली तीन ओळी. त्या मी वाचल्या. "चूक माझी आहे. बाबांच्या नव्या दातांना शिट्टी येते, मशीनला ती टोन वाटली. त्यांना दातांचं कुणी सांगितलेलं नाही."

तिच्या मानाने हे भाषणच होतं. एक दिवस गेला, दोन गेले. उत्तर नाही. ठिपका नाही. ही रोज साडेआठच्या आधी पडद्यासमोर बसायची आणि मी तिच्याकडे न बघता स्टुलावर पेपर वाचायचो.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, ठिपका आला. हिने मला कोपराने ढोसलं. बाबांना काचेतून सांगावं म्हणून मी उठलो तर हिने शर्ट धरून खाली बसवलं. "मधेच नको. पत्र चुकेल त्यांचं." ठिपका नऊला होता. सव्वानऊला होता. शुक्रवारी शेवटची दहा मिनिटं बाबा श्रोत्यांचे फोन घेतात. फोन आधी कंट्रोल रूममध्ये येतो, ही नाव विचारते आणि मग आत देते. तेवढे चार शब्द तिने पाठ करून ठेवलेत. तीन श्रोते झाले. चौथा फोन वाजला.

"नमस्कार, आपलं नाव?" ही म्हणाली. तिचा चेहरा पाहून मी पेपर खाली ठेवला. फोनमधून मलाही ऐकू आलं.

"वहिनी," पलीकडून आवाज आला. "लाईन दे."

हिने काही विचारलं नाही. बाबांना खूणही केली नाही. लाईन दिली.

"बोला, कोण बोलतंय?" बाबा नेहमीच्या थाटात म्हणाले.

"मी बोलतेय." थोडं थांबून, "बाबा, तुमची कवळी शिट्टी मारते. घरात एवढी माणसं आहेत, कुणाला सांगवलं नाही का?"

गावभर गेलं ते. घरोघरी, दुकानांत, गाड्यांत. काचेपलीकडे बाबांचा हात तोंडाकडे गेला आणि तिथेच राहिला. ते बोलेनात. पलीकडून तीही बोलेना.

रेडिओवर शांतता म्हणजे तार तुटली, असं कॉम्प्युटरला शिकवलेलं असतं. सहा सेकंद काही ऐकू आलं नाही की तो आपणहून संगीत लावतो आणि जे काही चाललंय ते बंद पडतं. पडद्यावर आकडे धावत होते, तीन, चार. ही वाकली आणि तिने ती सोयच बंद करून टाकली. माझ्या माहितीप्रमाणे त्या स्टेशनच्या इतिहासात असं कुणी केलं नव्हतं. साहेब धावत आले, "टोनताई, आवाज कुठाय? आवाज!" हिने मागे न बघता हाताचा पंजा वर केला, थांबा म्हणून, आणि साहेब खरंच थांबले. आकडा बारावर गेला, पंधरावर गेला. काहीच नव्हतं, फक्त दोन माणसांचा श्वास, आणि ही तो एकाग्रतेने ऐकत होती, जशी नऊ वर्षं शिट्टी ऐकली तशी.

विसाव्या सेकंदाला बाबा म्हणाले, "तिकडे पहाटेचे पाच वाजत आले असतील."

"हो."

"रोज एवढ्या पहाटे उठतेस? तब्येतीचं काही आहे की नाही?" आवाज फाटला. त्यांनी घसा खाकरला, माइकवर, जे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. "आधी झोप जा. आणि उठलीस की घरी फोन कर. मी घरीच आहे."

एवढं बोलून त्यांनी पुढचा श्रोता मागितला. पुढचा श्रोता नुसताच रडत होता, त्याचं नाव कळलं नाही.

त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. हिने लग्नानंतर पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरात एक जुना तारेचा फोन आहे, बाबांच्या हट्टापायी ठेवलेला. बाबा इस्त्रीच्या सदऱ्यातच त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. जेवायलाही उठेनात, ताट तिथेच दिलं. तीन वाजता फोन वाजला. त्यांनी पहिल्या घंटेला उचलला.

"हं," म्हणाले. "हं. बरं." मग थोडं ऐकलं, आणि त्यांचा चेहरा पडला, आणि लगेच खुललाही. रिसीव्हर हिच्यापुढे धरत म्हणाले, "आधी वहिनीशी बोलायचंय म्हणते."

हिने माझ्याकडे पाहिलं, सवयीने. मी मान हलवली, की बाई, हा तुझाच आहे. हिने हात पदराला पुसले, रिसीव्हर घेतला आणि "अगं, वेडी का तू, रडतेस काय," म्हणत सरळ जमिनीवर बसली. फोन टाळणारी माझी बायको पाऊण तास बोलत होती. आणि बाबा तिच्या डोक्याशी उभे राहून, माझा नंबर कधी, असं खुणेने विचारत होते.